बटण पालथं करून बघा: पुण्यात जुन्या वस्तू बघायला शिकताना

जुन्या बाजारात पहिल्यांदा बटणं विचारली तेव्हा गोणपाटावर नळाचे पार्ट मांडून बसलेले मामा म्हणाले, "ताई, बटणं कशाला? शर्टच नवा घ्या की." मग त्यांनीच मागे हात घालून पत्र्याचा एक डबा काढला आणि माझ्यापुढे उपडा केला. स्क्रू, वॉशर, सायकलचे छर्रे, मोडकी किल्ली आणि त्यात मिसळलेली १७ बटणं. "सगळी घ्या, पन्नास द्या." त्यातल्या एकाच्या पाठीवर कडेकडेने बारीक अक्षरं होती. ती वाचायला घरी येऊन भिंग शोधावं लागलं, आणि तिथून हे वेड लागलं.

हा लेख ज्यांना रविवारची सकाळ मोकळी आहे, खिशात फार पैसे घालायचे नाहीत आणि जुन्या वस्तूंबद्दल नुसतं "वा, किती सुंदर" यापलीकडे काही कळावं असं वाटतं, त्यांच्यासाठी. बटण हे निमित्त म्हणून फार सोयीचं आहे. स्वस्त असतं, जागा खात नाही, आणि घरचे लोक "आणखी एक अडगळ आणली" म्हणत नाहीत, निदान पहिले काही महिने.

एक गोष्ट आधीच सांगते. संग्रहालयात वस्तू काचेआड असते. तिचं तोंड दिसतं, पाठ दिसत नाही. बाजारात पाठ हाताला लागते, पण ती वस्तू कुठली, कोणाची, हे सांगणारी पाटी नसते. त्यामुळे दोन्हीकडे जावंच लागतं. मी उलट्या क्रमाने गेले आणि दोन वर्षं फुकट घालवली. तुम्ही सुलट्या क्रमाने जा.

आधी बिनबटणाचे कपडे बघा

आपल्याकडे बटणाचं काम पूर्वी बंदांनी भागवलं. बाराबंदी हे नावच बारा बंदांवरून आलं. अंगरख्याला बंद, चोळीला गाठ, आणि जिथे अडकवायचंच असेल तिथे कापडाची किंवा दोऱ्याची गुंडी आणि समोर बिरडं, म्हणजे ती अडकवायचा फास. पेशवाईतली चित्रं बघताना आधी छातीकडे बघायची सवय लावून घ्या. मुघल दरबारात अकबराच्या काळापासून मुसलमानांनी जामा (लांब अंगरखा) उजव्या बाजूला बांधायचा आणि हिंदूंनी डाव्या, असा रिवाज होता. त्यामुळे जुन्या चित्रातला माणूस कोण असावा हे ठरवताना जाणकार गाठीची बाजू बघतात. (तुम्ही पुस्तकातलं चित्र बघत असाल तर ते उलटं छापलेलं नाही ना, हेही बघा. माझा एकदा असा पचका झाला आहे.)

बटण ही वस्तू मात्र आपल्याला परकी नाही. मोहेंजोदडोला शिंपल्याची, भोकं पाडलेली बटणं सापडली आहेत. ती कपडा अडकवण्यापेक्षा मिरवण्यासाठी असावीत असं मानलं जातं. कापडाला काज पाडून त्यात बटण अडकवायची पद्धत युरोपात १३ व्या शतकात रुळली आणि आपल्याकडे पोर्तुगिजांच्या मागोमाग आली. त्याचा पुरावा शिंप्याच्या तोंडी अजून आहे: 'काज' हा शब्द पोर्तुगीज 'काझा'वरून आला, आणि काझा म्हणजे घर. बटणाचं घर. आमच्या गल्लीतल्या काज-बटणवाल्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्षं बिल्डरच की."

केळकर संग्रहालयात कसं फिरायचं

पहिला मुक्काम बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं, आणि पुढे सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. वस्तू २० हजारांच्या वर, पण एका वेळी मांडलेल्या साधारण अडीच हजार. बाकीच्या कोठारात. म्हणजे तुम्ही जे बघता तो जेमतेम आठवा भाग.

तिथे बटणांचं वेगळं दालन शोधत फिरू नका. घरातल्या रोजच्या वस्तू बघा: अडकित्ते, वज्री, दौती, फण्या, कुलपं, दिवे. पहिल्या फेरीत लोक वरून खाली सगळं बघतात, दोन तासांत दमतात आणि घरी जाऊन मस्तानी महाल तेवढा आठवतो. कोथरूडहून आणून इथे उभा केलेला तो महाल बघण्यासारखा आहेच. पण शिकायचं असेल तर एकच कपाट निवडा. माझी शिफारस अडकित्त्यांची. एका अडकित्त्यासमोर पाच मिनिटं थांबा आणि स्वतःला विचारा: दोन पाती कुठे जोडली आहेत? खिळा कोणत्या धातूचा? बोटं लागून कुठे झिजलंय? कारागिराने कुठे जीव ओतला आणि कुठे उरकलं? हेच चार प्रश्न पुढे बटणाला विचारायचे आहेत. मग कपड्यांकडे जा आणि प्रत्येक कपडा कशाने बंद होतो तेवढंच वहीत टिपा: बंद, गुंडी, कडी, बटण.

फोटो काढायचे असतील तर तिकीट घेतानाच विचारा. फ्लॅश मारू नका, जुन्या कापडाचे रंग उडतात. काचेवर कपाळ टेकवून बघणं मात्र सगळेच करतात. नंतर रुमालाने पुसा म्हणजे झालं.

बाकीचे मुक्काम, थोडक्यात

येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननातल्या वस्तूंसाठी तिथे जायचं. चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला माणूस पुरला होता, ते दफन या उत्खननातलंच. सगळे त्याच्यासाठी जातात. तुम्ही मण्यांसाठीही थांबा. दगडाला इतकं बारीक भोक तीन हजार वर्षांपूर्वी कसं पाडलं असेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला की चार भोकांचं साधं बटणसुद्धा वेगळं दिसायला लागतं. तिथेच मराठा इतिहासाचं संग्रहालयही आहे. इतिहास संशोधक पारसनिसांच्या संग्रहातून १९३९ मध्ये उभं राहिलेलं. दोन्हीकडे जायचं तर कामाच्या दिवशी, फोन करून.

सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०, राजवाडे आणि मेहेंदळे) हे कागदपत्रांचं घर. चित्रांतले अंगरखे बघायला जा. केसरीवाड्यात टिळकांच्या वापरातल्या वस्तू आहेत. घोले रस्त्यावरचं महात्मा फुले संग्रहालय मूळचं लॉर्ड रे यांच्या नावाचं औद्योगिक संग्रहालय. धूळ आहे, पण कच्चा माल म्हणजे काय हे तिथे कळतं.

बाजारात जाण्याआधी पिशवीत काय हवं

घड्याळजी वापरतात तसं दहापट दाखवणारं भिंग. लहान लोहचुंबक. मऊ कोरडा ब्रश. वही-पेन्सिल. सुट्टे पैसे. आणि एक फूटपट्टी, मिलिमीटरची. रविवार पेठेत शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात बटण मागितलं की "किती लाईन?" असं विचारतात. ४० लाईन म्हणजे १ इंच. शर्टाचं नेहमीचं बटण १८ लाईनचं, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. कोटाच्या पुढचं त्याहून बरंच मोठं. वहीत लाईन लिहिलीत की बटण कुठल्या कपड्याचं असेल याचा अंदाज आपोआप येतो.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत शाहीर अमर शेख चौकाजवळ. सकाळी जा. "अँटिक आहे" असं जो स्वतःहून सांगतो त्याच्याकडून सुरुवातीला काहीच घेऊ नका. पितळी होकायंत्र आणि दुर्बिणी, ज्यांच्यावर लंडन आणि १८०० च्या पुढचा सन ठळक कोरलेला असतो, त्या नव्या असतात. आणि एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, दुसऱ्या बाजूला राम दरबार किंवा हनुमान, खाली १८१८, असं 'चमत्कारी' नाणं कोणी लाखात सांगितलं तर हसून पुढे चला. कंपनीने तसं नाणं कधी पाडलंच नाही. बटणांचा एक फायदा हा, की त्यांची नक्कल करण्याइतका भाव त्यांना इथे अजून आलेला नाही.

भाव करताना बटण हातात धरून डोळे मोठे करू नका. डबा अख्खा घ्या. निवडून घेतलेलं एक बटण अख्ख्या डब्याच्या किमतीला पडतं.

पाठ कशी वाचायची

घरी आलात, चहा झाला, दिवा जवळ ओढला. आता प्रत्येक बटण पालथं घाला.

पहिला प्रश्न: भोकं आहेत की कडी? समोरून आरपार भोकं असतील तर शर्ट, बंडी, पायजमा. मागे कडी असेल तर बहुधा गणवेश, कोट किंवा मिरवायचं काही. लग्नात जावयाला देतात ती साखळीने जोडलेली सोन्या-चांदीची बटणं आणखी वेगळी. ती काढून ठेवता येतात, कपडा धुवायला जातो आणि बटणं कपाटात.

दुसरा प्रश्न: पाठीवर काही लिहिलंय का? धातूच्या गणवेशी बटणांच्या पाठीवर बनवणाऱ्याचं नाव आणि गाव असतं, बहुतेक वेळा लंडन किंवा बर्मिंगहॅम. 'फर्मिन' हे नाव वारंवार दिसेल. ती लंडनची १७ व्या शतकापासूनची जुनी पेढी. नाव आणि पत्ता कसा लिहिलाय त्यावरून जाणकार काळ ठरवतात.

आता पुढची बाजू. पुणं हे छावण्यांचं गाव. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ला झाली आणि त्यानंतर इथे लष्कराने जो तळ ठोकला तो आजतागायत. त्यामुळे जुन्या बाजारात मुकुटाची बटणं येतात. मुकुटाच्या कमानी भिंगातून बघा. मधोमध खाली दबलेल्या असतील तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १९०१ च्या आधीचा. कमानी वर फुगलेल्या, घुमटासारख्या असतील तर राजाचा मुकुट: १९०१ पासून १९५२ पर्यंत. २६ जानेवारी १९५० नंतर आपल्या सैन्याच्या बटणांवर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेले आहे. माझ्या १७ बटणांत एकाच्या कमानी मधोमध दबलेल्या होत्या. व्हिक्टोरिया! दोन दिवस मी हवेत होते. मग सहज तळहातावर तोललं तर पिसासारखं हलकं. १९५३ पासून एलिझाबेथ राणीनेही दबलेल्या कमानींचाच मुकुट घेतला, आणि त्या काळापासून ब्रिटिश सैन्याने पॉलिश न करता चमकत राहणारी ॲल्युमिनियमची बटणं आणली. म्हणजे माझी व्हिक्टोरिया तिच्या पणतूच्या मुलीच्या काळातली निघाली. मुकुट बघा, पण आधी वजन बघा.

लष्कराइतकंच रेल्वेचं. 'जी.आय.पी.' अशी अक्षरं असलेलं बटण म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, जिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली आणि जी १८५८ मध्ये पुण्यापर्यंत आली. ५ नोव्हेंबर १९५१ ला तिची मध्य रेल्वे झाली. म्हणजे असं बटण त्या तारखेच्या आधीचं, एवढं तरी छातीठोक सांगता येतं. माझ्या डब्यात एक निघालं. कडीत खाकी दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला आहे. कोणीतरी घाईत कापून काढलंय. तो दोरा मी काढलेला नाही. तुम्हीही काढू नका.

कशाचं बनलंय

हे काज-बटणवाल्या काकांकडून शिकले. ते बटण आधी गालाला लावतात. शिंपल्याचं असेल तर थंडगार लागतं, आणि बराच वेळ थंड राहतं. प्लॅस्टिक लगेच कोमट होतं. शिंपल्याच्या बटणाची पाठ बघा: कडेला कुठेतरी तपकिरी, खडबडीत साल राहून गेलेली असते. पुढच्या बाजूचं तेज प्लॅस्टिकला आणता येतं, ही साल आणत नाही कोणी. माझ्या डब्यात अशी चार होती.

पांढरट, तेज नसलेलं, जरा पिवळं पडलेलं बटण हाडाचं असू शकतं. भिंगाखाली हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात. जिवंतपणी रक्त वाहायचं त्या वाटा त्या. हस्तिदंतात ठिपके नसतात, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. तशी जाळी दिसली तर ते बटण खाली ठेवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आणि "छोटंसंच आहे" ही सबब चालत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या एका ताडाच्या कडक बीचीही हस्तिदंतासारखी बटणं युरोपात १९ व्या शतकात खूप बनली; ती भिंगाशिवाय फसवतात.

काळं, चकचकीत, जड बटण बहुधा काचेचं. १८६१ मध्ये नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया राणी जन्मभर काळ्या कपड्यांत राहिली. श्रीमंतांनी इंग्लंडमधल्या व्हिटबीचा जेट नावाचा काळा दगड वापरला, बाकीच्यांनी काळी काच. दुःखाचीसुद्धा फॅशन होते, ती अशी.

आणि प्लॅस्टिकची पूर्वजं. १८७० च्या सुमाराला आलेलं सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात घासलं तर कापराचा वास येतो; आपल्याला तो ओळखायला शिकवावं लागत नाही. १९०७ मध्ये बेकलंड यांनी शोधलेलं बेकेलाइट घासलं तर दवाखान्यातल्या फिनेलसारखा वास. शिवाय दुधातल्या केसीनपासून बनवलेली बटणंही होती. घरात सांगितलं तर आई म्हणाली, "नासलेल्या दुधाची का?" तर हो, जवळजवळ तसंच.

जुन्या लेखांत तापलेली सुई टोचून बघायला सांगतात. करू नका. सेल्युलॉइड भपकन पेट घेतं, आणि बाकी कशालाही कायमचा डाग पडतो. दाताला घासून बघायलाही सांगतात. जुन्या बाजारातल्या डब्यातलं बटण तोंडात घालायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

घासू नका

पाठीवर अक्षरं असलेलं ते पहिलं बटण, मुकुटाचं. मी काय केलं असेल? चिंच आणि मीठ. आपल्या घरात समई, तांब्या, पळी-पंचपात्री सगळं असंच निघतं ना. दोन मिनिटांत बटण लखलखीत पिवळं झालं आणि वर असलेला सोन्याचा मुलामा पाण्याबरोबर मोरीत गेला. आता मुकुटाच्या कमानींच्या खाचेत तेवढी सोनेरी रेघ उरली आहे. भिंगातून ती दिसते आणि दर वेळी पोटात कालवतं.

तेव्हा कोरडा ब्रश, त्यापुढे काही नाही. हिरवी भुकटी धरलेली पितळी बटणं वेगळी ठेवा. सेल्युलॉइड तर सगळ्यांपासून लांब, हवा खेळेल अशा कागदी पाकिटात. ते कुजायला लागलं की त्याची वाफ शेजारच्या धातूला खाते. शिंपल्याची बटणं लाकडी पेटीत बंद करू नका, काही लाकडांच्या आम्ल वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. पुण्याच्या पावसाळ्यात डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका, औषधांच्या बाटलीत येतात त्या जमवल्या तरी पुरतात.

कायद्याचं दोन ओळींत. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, आणि ती तुम्हा-आम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट पाठवण्याआधी हे आठवा. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, आणि त्यात दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं असं म्हटलंय. दहा रुपये तेव्हाचे, पण कायद्यात आकडा तोच आहे. सिंहगडावरून काहीही उचलून आणू नका, हे वेगळं सांगायला नको.

वहीत काय लिहायचं

तारीख, कुठे मिळालं, किती रुपये, किती लाईन, भोकं की कडी, वजन हलकं की जड, पाठीवर काय. आणि "माझा अंदाज" असा वेगळा रकाना, पेन्सिलने. पेन्सिलनेच, कारण तो खोडावा लागतो.

माझ्या १७ पैकी सात साधी प्लॅस्टिकची, चार शिंपल्याची, दोन हाडाची, एक मुलामा गेलेलं, एक जी.आय.पी., एक ॲल्युमिनियमची राणी. सोळा झाली. सतरावं पांढरं, गोल, घुमटाकार. पाठीला कडी नाही, भोकं नाहीत, मधोमध आटे पाडलेलं एकच छिद्र. सहा महिने वहीत "शेरवानीचं? हाडाचं?" असं लिहिलेलं होतं. शेवटी काकांकडे नेलं. त्यांनी गालाला लावलं, पालथं केलं, आट्यांत करंगळीचं नख घालून बघितलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं.

"हे बटण नाही ताई. पेटीला पुढे ओढायच्या खुंट्या असतात ना, त्यातली एक आहे ही."

आता केळकरला जाईन तेव्हा आधी वाद्यांच्या दालनात जाणार आहे.